विदर्भाच्या कॅलिफोर्नियात शिराझ?

वरुड-मोर्शीच्या पट्ट्याला विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणतात, ते संत्र्यामुळे. खऱ्या कॅलिफोर्नियात मात्र द्राक्षाचा दबदबा मोठा आहे आणि तिथल्या काही घराण्यांच्या चार-चार पिढ्या वाइनवर जगल्या आहेत, असं भाचीनं सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "मंग आपलं नाव बदलून टाकू. दुसरं पाहू एखादं."

मामांची बाग सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. कलमं शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेतली, विहिरीला पाणी नाही म्हणून बोअर, आणि घरात सुपारीचं खांडसुद्धा मिळायचं नाही, कारण मामा गुरुदेव सेवा मंडळाचे. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जाणं त्यांनी कधी चुकवलेलं नाही. भाची अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकली आणि आता नाशिककडच्या एका वायनरीत द्राक्षमळ्यांचं काम पाहते. जानेवारी ते मार्च तोडणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि ते उरकलं की मे महिन्यात आजोळ, असा तिचा रिवाज. या मे महिन्यात ती एक मागणी घेऊन आली. टेकडीकडचा चार एकरांचा पडीक तुकडा द्या, त्यात शिराझ हे लाल वाइनचं द्राक्ष लावू.

मामांना वाटलं होतं, मागायचीच झाली तर ती बंधाऱ्याखालची काळी जमीन मागेल. "तिथं बोट रोवलं त झाड होते," ते म्हणाले. "वरच्या मुरमात तूर धड येत नाई. तिथं तुझं इलायती द्राक्ष येनार?"

"म्हणूनच तो तुकडा हवा," भाची म्हणाली. "काळ्या जमिनीत द्राक्ष येईल, मामा, पण वेल नुसता माजेल. पानंच पानं होतील. घड सावलीत राहतील, रंग भरणार नाही आणि रसाला हिरवट चव येईल. शिराझ मुळातच जोमदार जात. तिला खायला-प्यायला कमी लागतं."

वऱ्हाडातल्या माणसाला ही गोष्ट सहज पटत नाही. कापसानं या मुलखाला शिकवलं की जमीन जितकी काळी आणि खोल तितकी ती दौलतीची. पण नाशिकचा खडक आणि वरुडचा खडक एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा तो बेसॉल्ट आहे. फरक पडतो तो उतारामुळे. उंचावर झिजलेला खडक पावसाबरोबर खाली जातो आणि वर वीतभर माती अन् मुरूम उरतो. खाली, पूर्णेच्या खोऱ्यात, तीच झीज साचून कित्येक फूट खोल काळी माती होते. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. मे महिन्यात दर्यापूर-अकोटकडच्या शेतात तुतारीची काठी भेगेत सोडली तर मूठभर वर उरते. अशा भेगा पडताना वेलीची बारीक मुळं तुटतात. त्याच खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या सुमारे 900 गावांत जमिनीखालचं पाणीच खारं, त्यामुळे विहीर खणूनही ओलिताची सोय होत नाही. तिथं द्राक्षाचा विषयच निघू नये.

भाचीनं दोन खड्डे खणवले होते, एक बंधाऱ्याखाली आणि एक टेकडीवर. मामांना तिनं दोन्हींच्या काठावर उभं केलं. खालच्या खड्ड्याची भिंत कंबरेपर्यंत काळी, खुरप्यानं खरवडली तर मेणासारखी गुळगुळीत, आणि त्याखाली हरभऱ्याएवढ्या पांढऱ्या चुनखडीच्या गाठी. तिनं खिशातली प्लॅस्टिकची बाटली काढून सौम्य आम्लाचे चार थेंब त्या गाठींवर टाकले. फसफसून फेस आला. वरच्या खड्ड्यात आधी वीतभर तांबूस-करडी माती, मग हातानं फुटणारा मुरूम, आणि मुरमाच्या फटींतून खाली गेलेली कुठल्याशा बोरीची मुळं. तिथं थेंब टाकले, ते नुसते जिरले.

"चुना मले सांगू नको," मामा म्हणाले. "चुन्याच्या जमिनीत संत्र्याची पानं पिवळी पडते, हे मी तुझ्या जन्माच्या आंधी पाह्यलं." संत्र्याला मुक्त चुनखडी 10 टक्क्यांच्या वर असलेली जमीन टाळावी, हा सल्ला वरुडच्या बागायतदाराला पाठ असतो. द्राक्षाचं गणित त्याहून फार वेगळं नाही. चुना आणि क्षार सोसणारा खुंट निवडून त्यावर कलम बांधलं तर थोडी सूट मिळते, इतकंच. महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांनी दुष्काळ आणि क्षार यांच्यावर तोड म्हणून डॉगरिज खुंट घेतला. वाइनच्या द्राक्षाला मात्र तो फार जोम देतो म्हणून तिथं 110-आर सारखे खुंट आले. जंबेरी की रंगपूर लाइम, या वादावर आयुष्य काढलेल्या मामांना हे दोन वाक्यांत कळलं.

त्यांना त्याहून लवकर कळली ती पुढची गोष्ट. मृगाच्या बहारासाठी त्यांची बाग त्या वेळी ताणावर होती. पाणी तोडलेलं, पानं मलूल झालेली, काही गळलेली. झाडाला असं उपाशी ठेवल्याशिवाय ते एकदम फुलत नाही. वरुडमधला जुना अनुभव असा की भारी जमिनीत ताण बसत नाही. पाणी तोडलं तरी झाड खालून ओल ओढत राहतं.

"शिराझचंही तेच आहे," भाची म्हणाली. "मीटरभर खोल काळ्या मातीत झाडाला घेता येईल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी साठतं. तिथं मी ठिबक बंद केलं तरी वेलीला पत्ता लागणार नाही. मुरमात वेलीच्या तोंडचं पाणी माझ्या हातात राहतं. मणी धरल्यापासून रंगायला लागेपर्यंत थोडा ताण दिला की मणी लहान राहतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. लाल वाइनचा रंग सगळा आणि तुरटपणा बराचसा सालीत असतो."

"म्हंजे मातीची चव-बिव काई नाई?"

"तशी नाही. फ्रान्समध्ये रोन नदीच्या काठावर हर्मिटाजची टेकडी आहे, शिराझचं माहेरच म्हणा. तिच्या पश्चिमेच्या भागात ग्रॅनाइट आहे. ऑस्ट्रेलियातला सगळ्यात नावाजलेला मळा गाळाच्या पोयट्यात आहे. नाशिकला बेसॉल्ट. तिन्हीकडे चांगली शिराझ होते. खडक काही पेल्यात उतरत नाही. माती पाणी किती धरते आणि कधी सोडते, यावर सगळं."

मामांनी हे मान्य केलं नाही. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय पाण्याच्या हिशेबावर मिळालं? हेच कलम दुसरीकडे लावलं तर ते आंबट-गोडाचं माप साधत नाही, हे त्यांचं म्हणणं. भाचीनं प्रतिप्रश्न केला, की हे संत्रं तरी इथलं कुठं होतं? दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी ते औरंगाबादेकडून नागपुरात आणवलं, असं सांगतात. चिखलदऱ्याची कॉफी इंग्रजांनी लावली. आज दोन्हींना कोणी परकं म्हणत नाही. शिराझही फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या दुरेझा आणि माँदूझ ब्लाँश या दोन जातींचा आपोआप झालेला संकर आहे, हे 1990 च्या दशकाच्या अखेरीस डीएनए चाचणीत सिद्ध झालं. तिथून ती ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथलीच होऊन बसली.

मातीचा वाद इथं बरोबरीत सुटला असता. पण मामांनी ऊन काढलं. अकोल्याचा पारा मे महिन्यात 47 अंशांच्या वर गेलेला सगळ्यांनी पाहिलेला आहे. वेल जळून जाणार नाही का? याचं उत्तर भाचीकडे तयार होतं. महाराष्ट्रात द्राक्षाचा वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी फक्त काडी तयार करण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी छाटणी फळासाठी. घड हिवाळ्यात वाढतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत तोडून होतात. मे महिन्यात वेलीवर फळ नसतंच. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची या तीन कुटुंबांनी मिळून 'फ्रातेली' वायनरी उभी केली, तो भागही काही थंड हवेचा नाही.

पण एका मुद्द्यावर ती स्वतःच थांबली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, अकोला 300 मीटरच्याही खाली. मणी पिकतानाच्या रात्री नाशिकला गार असतात. वऱ्हाडात फेब्रुवारीच्या मध्यापासून दिवस तापू लागतात. साखर भराभर चढते, साल आणि बी मागे राहतात. शिराझची ओळख मानला जाणारा काळ्या मिरीचा वासही उष्ण जागी कमी होतो. तो वास रोटंडोन या द्रव्याचा, आणि खऱ्या मिरीतही तेच असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं. "म्हणजे इथली शिराझ मिरीची होणार नाही," ती म्हणाली. "जांभळासारखी होईल. भारदस्त आणि थोडी जास्त कडक."

"अन् फेब्रुवारीत गार पडली त?" मामांनी विचारलं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भाच्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. भाचीनं जाळीचा खर्च सांगितला. मामांनी तो मनात लिहून ठेवला असावा, कारण पुढं दोनदा काढला.

जेवणानंतर बोलणं मातीवरून घराण्यावर आलं. भाचीच्या डोक्यात खरं तर तेच होतं. तिला द्राक्ष विकायचं नव्हतं. तिला घरची वायनरी हवी होती, बाटलीवर गावाचं नाव हवं होतं. तिनं हेन्शकी घराण्याची गोष्ट सांगितली. योहान ख्रिश्चन हेन्शकी 1841 मध्ये सायलेशियातून दक्षिण ऑस्ट्रेलियात आला. 1868 पासून त्याच्या नावानं वाइन विकली जाऊ लागली. या घराण्याकडे आज एक मळा आहे, 'हिल ऑफ ग्रेस'. त्यातल्या सगळ्यात जुन्या शिराझच्या वेली 1860 च्या सुमारास लावलेल्या. निकोलस स्टॅनिट्झकी नावाच्या अशाच एका स्थलांतरितानं त्या लावल्या आणि पुढं मळा हेन्शकींकडे आला. दक्षिण ऑस्ट्रेलियात फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड पोहोचलीच नाही, म्हणून या वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. युरोपात त्या वयाचे मळे 1863 नंतरच्या साथीत जवळजवळ साफ झाले. या मळ्याच्या नावाची स्वतंत्र बाटली मात्र सिरिल हेन्शकीनं 1958 मध्ये पहिल्यांदा भरली.

मामांनी बोटांवर हिशेब केला. "अठ्ठ्यान्नव वर्सं. तवरोक त्या द्राक्षाचं काय करत होते?"

"दुसऱ्या वाइनमध्ये मिसळत होते."

"म्हंजे कोनाले मालूम नोतं की हे भारी हाय. तरी उपटलं नाई."

भाचीला हे असं मांडता आलं नव्हतं. जुन्या वेलींची कीर्ती सांगणारे लोक त्यांच्या मुळांचं, कमी फळाचं, दाट रसाचं वर्णन करतात. मामांना त्यात दिसलं ते न उपटणं. आणि ते खरंही आहे, कारण 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात द्राक्ष इतकं वाढलं आणि भाव इतके पडले की सरकारनं वेली उपटायला पैसे दिले. बरोसा खोऱ्यातल्या कित्येक जुन्या शिराझ तेव्हा सरपण झाल्या. पीटर लेहमनसारख्या काही जणांनी शेतकऱ्यांची द्राक्षं घेणं चालू ठेवलं, म्हणून बाकीच्या वाचल्या. काही वर्षांनी त्याच वेलींच्या वाइनला जगभर मागणी आली.

"आपल्याइकडे सांग कोनाचं असं हाय," मामा म्हणाले.

इथं भाचीला जपून बोलावं लागलं. महाराष्ट्रातला आधुनिक वाइनचा इतिहास तसा लहान. शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात नारायणगावला 'इंडेज' काढली आणि 'ओमर खय्याम' ही फेसाळती वाइन परदेशात नेली. राजीव सामंत यांनी नाशिकला कुटुंबाच्या जमिनीवर द्राक्षं लावली, आईच्या सुलभा या नावावरून 'सुला' हे नाव घेतलं आणि 2000 मध्ये पहिली वाइन आणली. सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 चं. विंचूर आणि पलूसची वाइन पार्क त्यातून आली आणि नाशिक जिल्ह्यात वायनऱ्यांची रांग लागली. निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबानं 'रेव्हेलो' उभी केली. गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी गुरनानी कुटुंबानं 2006 मध्ये 'यॉर्क' काढली. योगिता, रवी आणि कैलाश या तीन मुलांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव जुळवलं. कैलाश गुरनानी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला वाइनचं शिक्षण घेऊन आले आणि घरच्या टाक्यांपाशी उभे राहिले. त्यांची 'आरोस' ही शिराझ आणि कॅबर्ने यांच्या मिश्रणाची वाइन बरीच नावाजली गेली. घराची वायनरी म्हणावी तर अशी.

"मंग?"

"2021 मध्ये सुलानं विकत घेतली."

"पंधरा वर्सं झाली फक्त," मामा म्हणाले. "अन् सुला तरी सामंतांच्या घरची राह्यली का?"

सुलाचे शेअर डिसेंबर 2022 पासून बाजारात आहेत. आज ती हजारो भागधारकांची आहे. भाचीचं म्हणणं असं, की यात हरण्यासारखं काही नाही. वाइन हा पैसा अडकवणारा धंदा आहे. वेल लावल्यावर तिसऱ्या वर्षी कामाचं फळ, मग टाकी, मग लाकडी पिंप, मग बाटलीतली वर्षं. लाल वाइन विकून पहिला रुपया यायला पाच-सहा वर्षं जातात. घरचं भांडवल तिथं कमी पडतं. मोठ्या कंपनीत गेल्यानं 'यॉर्क' हे नाव टिकलं, मळा टिकला, तिथल्या लोकांचं काम टिकलं. घराणं कागदावर नसलं म्हणून जमिनीतलं काम पुसलं जात नाही.

मामांचं उत्तर तिला पुढं बराच वेळ पुरलं. "झाडाले ताण देता येते, बाई. कुटुंबाले किती देशीन?"

आणि मग ते संत्र्यावर बोलले. 2019 च्या उन्हाळ्यात वरुड-मोर्शीत पंधरा-वीस वर्षांच्या बागा उभ्या वाळल्या. हजार-हजार फूट बोअर मारूनही धूळ निघाली. ज्यांनी टँकरनं बागा जगवल्या त्यांना पुढं बांगलादेशचा फटका बसला. नागपुरी संत्र्याचं ते मोठं गिऱ्हाईक, त्यांनी आयात शुल्क चढवत नेलं आणि इथं भाव बसले. माती तीच होती, बहारही बरा होता. निर्णय ढाक्याला झाला आणि बाग वरुडला उपटली गेली. "तो तुझा जर्मन मानूस अठ्ठ्यान्नव वर्सं थांबला, कारन त्याले थांबता आलं," मामा म्हणाले. "आमच्यात जो थांबला त्याच्यावर बँकेची नोटीस आली."

भाचीनं हाच मुद्दा उलटा धरला. संत्र्याचं झालं म्हणूनच दुसरं काही हवं. कच्चा माल विकणाऱ्याला भाव कोणीही सांगतो. बाटली भरणारा स्वतः सांगतो. शिवाय वाइनच्या द्राक्षाला पाणी कमी लागतं, एकरी चार-पाच टनांच्या वर सहसा कोणी पीक घेत नाही. भूजल उपसून आटत चाललेल्या, डार्क झोनमधल्या तालुक्याला हे पीक शोभतं.

पण शिराझचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा. खाण्याच्या बाजारात त्याला कोणी विचारत नाही. संत्रं नागपूरला नाही गेलं तर दिल्लीला जातं, अगदीच नाही तर रस्त्याच्या कडेला ढीग लावून विकता येतं. शिराझला गिऱ्हाईक म्हणजे फक्त वायनरी. 2008-09 च्या मंदीत नाशिक-पुणे पट्ट्यातल्या वाइनचा खप घसरला, काही वायनऱ्यांकडे टाक्या भरलेल्या राहिल्या, शेतकऱ्यांचे पैसे अडकले. तेव्हा बागायतदारांनी वाइनचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. नाशिकला निदान परतायला वाट होती, मांडव होता, व्यापारी होता. वरुडमध्ये शिराझ उपटली तर तिच्या जागी काय येईल, याचं उत्तर भाचीजवळ नव्हतं. तिनं तसं सांगितलंही.

मामी इतका वेळ आंबे पिळत ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "अन् लोडशेडिंग झालं त त्या टाक्या थंड कोन ठेवते?" लाल वाइनचं आंबवण 25 ते 30 अंशांच्या आसपास धरावं लागतं. ते तापलं की खमीर मरतं आणि रस बिघडतो. मार्चमध्ये वऱ्हाडात बाहेरच 37-38 अंश असतात. भाचीनं जनरेटर म्हटलं. मामी हसल्या.

दारूचा विषय सगळ्यात शेवटी निघाला, आणि तो निघणारच होता. शेंडगावला जन्मलेले आणि वलगावजवळ देह ठेवलेले गाडगेबाबा खराटा घेऊन ज्या गावांतून फिरले, त्यांत ही गावं होती. दारूवर त्यांच्याइतकं कडक कीर्तनातून दुसरं कोणी बोललं नसेल. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी व्यसनमुक्तीचा संस्कार घरोघरी नेला. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, तिथं दारूबंदी. आणि राज्यघटनेच्या 47 व्या कलमातही नशाबंदीकडे जाण्याची सूचना आहे. मामांनी हे सगळं शांतपणे मांडलं. भाषण ठोकलं नाही.

भाचीनं वाइन आणि देशी दारू यांतला फरक सांगायला घेतला. 12-13 टक्के मद्यार्क, जेवणाबरोबर, घोटाघोटानं. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं तेव्हा सरकारनंही हाच युक्तिवाद केला होता, शेतकऱ्याच्या फायद्याचा. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करता का असं विचारलं, आणि तो निर्णय अमलात आला नाही.

"फरक असन," मामा म्हणाले. "पन मले एक सांग. मेळघाटात कोरकू मोहाची काढते. त्याच्या बापानं काढली, आज्यानं काढली. झाड त्यायचं, फूल त्यायचं, मडकं त्यायचं. त्याले पोलीस हातभट्टी म्हनते. अन् इलायती द्राक्षाची नाशिकात निंघाली का तिले वारसा म्हनते, टुरिस्ट येते, फोटो काढते. वारसाच पाह्यजे त जंगलात हाय ना तो. पन मी तर त्याच्याइ विरोधात हाय, म्हनून मले बोलाचा अधिकार हाय."

दारूच्या विरोधात असलेल्या माणसानं केलेली मोहाची ही वकिली भाचीनं नाशिकात कधी ऐकली नव्हती. तिनं एवढंच सांगितलं, की राज्यानं 2021 मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरचे निर्बंध सैल केले आहेत आणि मध्य प्रदेशानं तर मोहाच्या मद्याला वारसा म्हणून मान्यता दिली. मामांना त्याचा आनंद झाला नाही. त्यांचा मुद्दा परवानगीचा नव्हताच. कोणाचं जुनं हे जुनं धरायचं, ते कोण ठरवतं, हा होता.

दोघांचं जमलं नाही, पण दोघांच्या अटी स्पष्ट झाल्या. भाचीला चार एकर नको, आता अर्धा एकर पुरे. 110-आर खुंटावर शिराझ, टेकडीच्या पूर्वेच्या उतारावर, दोन ओळींआड मातीतली ओल मोजायची नळी. तीन वर्षं फक्त वाढ, रंग आणि रात्रीचं तापमान नोंदवायचं. मामांची अट अशी, की घरात किंवा शेतात एक थेंब आंबवायचा नाही. द्राक्ष बाहेर जाईल. त्यावर भाचीनं जी अडचण सांगितली ती खरी होती. वाइनचं द्राक्ष पहाटे तोडून शक्यतो त्याच दिवशी चिरडायचं असतं. नाशिक वरुडहून साडेपाचशे किलोमीटरच्या पुढं आहे. थंड गाडीचं भाडं अर्ध्या एकराच्या द्राक्षाहून जास्त होईल.

"मंग दहा शेतकरी पाह्य," मामा म्हणाले. "गाडी भरली पाह्यजे. पन त्याच्या आंधी वरच्या खड्ड्याची माती अकोल्याले नेऊन तपास. चुना दहाच्या वर निंघाला त मले सांगजो, मी त्यात सीताफळ लावतो."

"आणि खाली निघाला तर?"

"त द्राक्ष घेनाऱ्याची चिठ्ठी आनजो. पाच वर्सांचा भाव लिहेल."

भाचीनं दोन्ही खड्ड्यांतली माती किलो-किलो पिशवीत भरली आणि पिशव्यांवर खोली लिहिली: 0 ते 15, 15 ते 30, 30 ते 60 सेंटिमीटर. वरच्या खड्ड्याच्या तिसऱ्या पिशवीत मातीपेक्षा मुरूमच जास्त होता, तरी ती तिनं घेतली.